टेस्टपुरतं बुऱ्हाणपूर

आमच्या गावाची एक तक्रार आहे. ती चारशे वर्षं जुनी असल्यामुळे आता तिची नोंद घेणारं कार्यालयच उरलेलं नाही. तक्रार अशी, की बुऱ्हाणपुरात कुठल्याही गोष्टीची नुसती चाचणी होते. खरा प्रयोग लागतो दुसऱ्याच गावात आणि टाळ्याही तिकडेच पडतात.

उदाहरणं मागू नका. मी इतिहासाचा निवृत्त मास्तर आहे. एकदा सुरू झालो की तासाची घंटा होईपर्यंत थांबायचो नाही, आणि आता तर घंटाही नाही. तरी दोन सांगतोच. मुमताज महल वारली ती आग्र्याला नव्हे, इथे, आमच्या तापीकाठी. १७ जून १६३१, चौदाव्या बाळंतपणात. तिला दफन केलं नदीपलीकडे जैनाबादच्या आहूखाना बागेत. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, तिचं शव आग्र्याला नेलं. म्हणजे कबरीची टेस्ट बुऱ्हाणपुरात आणि ताजमहाल आग्र्यात! आज तिकडे तिकिटाला रांगा लागतात आणि इकडे आहूखान्याची वाट चार जणांना विचारत जावं लागतं.

दुसरं, सर टॉमस रोचं. इंग्लंडच्या राजाचा हा वकील १६१५ च्या नोव्हेंबरात जहांगीरच्या भेटीला निघालेला. वाटेत बुऱ्हाणपुरात शहजादा परवेझ दरबार भरवून बसला होता. जमिनीला डोकं टेकवणार नाही, बसायला खुर्ची हवी, अशी बरीच हुज्जत रोने घातली आणि शेवटी नजराण्यात बाटल्यांची एक पेटी दिली. शहजादा म्हणाला, आत एकांतात बोलू. तो आत गेला, त्याने आधी पेटी उघडली, आणि बोलणं तिथेच संपलं. बादशहापुढची खरी मुलाखत पुढच्या जानेवारीत अजमेरला झाली. तालीम मात्र आमच्याकडे.

त्यामुळे भाचीचा पुण्याहून फोन आला, "मामा, आम्ही राजघाटावर फक्त टेस्ट शूट करायला येतोय," तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. म्हटलं, या. इथे दुसरं काय होतं?

भाची पुण्यात सिनेमा शिकते. तिच्या शेवटच्या वर्षाच्या फिल्मचा विषय मुमताजची शेवटची संध्याकाळ. दहा मिनिटांची फिल्म, एकही संवाद नाही. संवाद का नाहीत, असं विचारलं तर ती म्हणाली, "मौनात जास्त अर्थ असतो." तिची आई, म्हणजे आमची ताई, फोन हातात आल्यावर म्हणाली, "अरे, फारसी येतं कुणाला?"

लालबागच्या स्टेशनावर मंडळी उतरली ती सामानाखाली दिसेचनात. त्या सामानातून आधी भाची, मग कॅमेरावाला, मग आवाजवाला आणि शेवटी एक सहायक असे निघाले. सहायकाचं काम म्हणजे बाकीचे जे विसरतील ते आठवणं. कॅमेरा भाड्याचा, लेन्स कुणा मित्राची, ट्रायपॉड कॉलेजचा आणि मामा स्वतःचा, असा एकंदर हिशेब होता. किल्ल्यात ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते, म्हणून किल्ल्याखालचा घाट. घाटावर परवानगी लागत नाही. तिथे फक्त सल्ले मिळतात.

आता टेस्ट म्हणजे काय, ते मला त्या पोरांनी पोहे खाताखाता समजावलं. कुठल्या वेळी उजेड कुठून येतो, कुठली लेन्स घेतली की नदी किती दिसते, ओढणीचा रंग पाण्यासमोर उठतो की बुडतो, आवाजात काय काय घुसतं, हे आधी बघून ठेवायचं. खऱ्या शूटिंगच्या दिवशी पैसे जळत असतात, तेव्हा विचार करायला वेळ नसतो. पटलं मला. "मग मुमताज कुठाय?" मी विचारलं. चौघांनी एकमेकांकडे बघितलं. नटीला टेस्टसाठी आणायचं तर तिचं भाडं, राहणं, खाणं. उजेड आणि फोकस ठरवायला तिच्या उंचीचं कुणीही चालतं. कॅमेरावाला पोरगा अत्यंत आदराने म्हणाला, "सर, तुमची उंची परफेक्ट आहे."

अशा रीतीने मरतेसमयी अडतीस वर्षांची असलेली मलिका मी साठीनंतर साकारली. मिशांसकट.

मिशांवरून थोडी कुजबुज झाली. तेव्हा मला मास्तरकी सुचली. पोरांना म्हटलं, बाबांनो, दादासाहेब फाळक्यांनाही हेच भोगावं लागलं. 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांना तारामती मिळेना. सिनेमात काम करायला कुणी बाई तयार होईना. शेवटी एका खानावळीतला साळुंके नावाचा स्वयंपाकी त्यांना सापडला. बायकांच्या भूमिकेतले पुरुष मिशा उतरवायला तयार नव्हते, असं सांगतात. वडील हयात असताना मिशी काढायची म्हणजे काय! फाळक्यांनी त्यांची कशी समजूत घातली देव जाणे, पण ३ मे १९१३ ला कॉरोनेशन थिएटरमध्ये लोकांनी जी तारामती पाहिली ती बिनमिशांची होती. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये या साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही कामं केली. "तेव्हा," मी म्हटलं, "ओढणी आणा. मिशी मात्र राहील, कारण ही टेस्ट आहे."

खरं तर टेस्टला कमी लेखायचं कारणच नाही. आपल्याकडे सिनेमा सुरूच मुळी टेस्टपासून झाला. १९१२ साली फाळक्यांनी लंडनहून कॅमेरा आणवला. हरिश्चंद्राला हात घालण्याआधी त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडं थोडं चित्र घेत त्याला मोड कसा येतो, वेल कसा चढतो, ते टिपलं. 'अंकुराची वाढ'. वाढणारा वाटाणा पडद्यावर बघून पैसे लावणाऱ्याने पैसे लावले. आमच्या गावात कापूस वाढताना, केळी वाढताना इतक्या पिढ्यांनी बघितली, पण त्यावर कुणी कुणाला दमडी दिल्याचं ऐकिवात नाही. त्या वाटाण्याचा मोठा गुण असा, की त्याने एकदाही कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. हा गुण राजघाटावर कुणातही नव्हता.

फाळक्यांच्या बायकोचं, सरस्वतीबाईंचंही मी सांगितलं. उजेड नटांच्या तोंडावर परतवण्यासाठी त्या उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या. रात्री अंधारात बसून फिल्मला भोकं पाडायच्या. शिवाय युनिटचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. हे सगळं ऐकत आमची ही दारात उभी होती.

"स्वयंपाकही त्याच?"

"हो."

"चादरी धरायच्या, भोकं पाडायची आणि स्वयंपाकही?"

"हो."

"मग फाळके काय करत होते?"

इतिहासाच्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात एकाही विद्यार्थ्याने मला इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता. मी विषय बदलून चादर मागितली. घरात पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली एक पांढरीशुभ्र चादर होती, जोडीतली. गावात पायलीला पन्नास पावरलूम. कापडाचा काय तोटा? पण जी चादर बाहेर निघाली की घरात कुणाचा तरी साखरपुडा आहे असं शेजारी समजतात, ती हिने स्वतःच्या हाताने घडी मोडून दिली. कलेसाठी त्याग केला तो एवढाच, आणि तो हिने केला.

राजघाटावर सकाळी सूर्य समोरून, जैनाबादच्या अंगाने वर येतो. भाचीला मुमताजच्या मागे नदी आणि पलीकडे जैनाबाद हवं होतं, कारण तिथेच तिला पुरणार आहेत; त्यात म्हणे नियती वगैरे आहे. पण कॅमेऱ्याला नियती कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की उजेड मुमताजच्या पाठीमागे आहे. चेहरा दिसेल असं केलं तर मागचं आकाश, नदी, जैनाबाद सगळं पांढरं फटक. आकाश नीट आणलं तर मुमताजचा काळा ठिपका. कॅमेरावाला काळ्या ठिपक्याच्या बाजूचा होता. मला वाटतं त्यात कलेपेक्षा मिशीचा विचार जास्त होता.

वास्तविक तापी ही सूर्याची मुलगी आणि शनीची बहीण. असल्या घराण्याच्या दारात रिफ्लेक्टर घेऊन जाताना माणसाने दोनदा विचार करावा. सहायक पोरगा चादर धरून पायऱ्या खाली-वर करत होता. वारा आला की चादरीचं शीड व्हायचं आणि माझ्या तोंडावरचा उजेड उडून शेजारी धुणं धुणाऱ्या बाईच्या तोंडावर पडायचा. ती पहिल्यांदा दचकली. नंतर तिने पदर सावरला. त्यानंतर दर वेळी उजेड आला की ती धुण्याचा पिळा हातात तसाच धरून थांबायला लागली. कुणी न शिकवता तिला आपला उजेड कळला होता. पुण्यात याची फी घेतात.

मी उभं कुठे राहायचं, ते ठरावं म्हणून कॅमेरावाल्याने पायरीवर काळ्या चिकटपट्टीची फुली मारली. जेवायची सुटी झाली. परत येऊन बघतो तर फुलीवर हळदकुंकू, दोन झेंडूची फुलं आणि विझत आलेली उदबत्ती. घाटावरच्या दगडावर कुणी मुद्दाम खूण केली आहे म्हणजे काही तरी असणार, असा विचार कुणा माउलीने केला असावा. सहायक पोरगा फुलं उचलायला वाकला तर धुणेवाली ओरडली, "ए! देवाचं हाय ते!" त्यानंतर मुमताज महलला फुलीच्या एक पायरी खाली उभं राहावं लागलं आणि सकाळची सगळी मापं फुकट गेली.

मला यात नवीन काही वाटलं नाही. आमच्या नदीच्या पात्रात किल्ल्यासमोर दगडी हत्ती आहे. पावसाळ्यात पाणी चढलं की गाव आधी हत्तीची चौकशी करतं, मग नातेवाइकांची. १६१० मध्ये विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी इथे आला होता. त्याने लिहून ठेवलंय, की हा हत्ती इतका हुबेहूब आहे, की एकदा पाणी प्यायला आलेला जिवंत हत्ती त्याच्यावर चालून गेला आणि स्वतःचे दोन्ही दात मोडून बसला. कपाळाला लाल रंग फासलेला आहे आणि लोक त्याची पूजा करतात, हेही त्याने नोंदवलं. म्हणजे कुंकवाची पद्धत तेव्हापासूनची. आमच्या फुलीला वेगळी वागणूक का मिळावी? आणि लुक टेस्टमध्ये उत्तीर्ण झालेला गावातला पहिला कलाकार तोच. समोरच्याचे दात पडेपर्यंत भूमिकेत राहिला. आमच्या टेस्टमध्येही सगळ्यांत कमी रीटेक त्याचेच झाले.

माझं तसं नव्हतं. याच समोरच्या जैनाबादच्या बागेत आंबा तोडणारी हिराबाई दिसली आणि शहजादा औरंगजेब, जो पुढे कशानेच विरघळला नाही, तो भान हरपून जमिनीवर कोसळला, अशी कथा आहे. ओढणी घेऊन मी उभा राहिलो तेव्हा फक्त एक म्हैस थांबली. तीही धूसर आली. फोकस माझ्यावर होता.

दुपारनंतर आवाजवाल्याची पाळी. तो सकाळपासून कानाला हेडफोन लावून दुःखी चेहऱ्याने फिरत होता. सोळाशे एकतीस सालची शांतता त्याला हवी होती आणि त्याच्या कानात मोटारसायकली, देवळातली घंटा, कुठून तरी लग्नाचा बँड आणि मी येत होतो. मी रोची गोष्ट सहायकाला सांगत होतो ती त्याने अख्खी रेकॉर्ड केली, हे मला नंतर कळलं. शेवटी तो म्हणाला, जागेचा म्हणून एक आवाज असतो, कुणी बोलत नसताना राहतो तो. तो एक मिनिट घ्यायचाय. हात वर करून त्याने घाटाला सांगितलं, "एक मिनट, सब लोग एकदम शांत!"

आणि काय सांगू, घाट शांत झाला. धुणेवाली थांबली. पाण्यात उड्या मारणारी पोरं गुडघाभर पाण्यात उभी राहिली. सायकलवर कापडाची थानं लादून चाललेला एक गृहस्थ खाली उतरला, सायकल स्टँडला लावली, हात बांधून मान खाली घालून उभा राहिला. मिनिट संपल्यावर तो हळूच माझ्याजवळ आला. ओढणीकडे त्याने दुर्लक्ष केलं, याला म्हणतात तहजीब.

"मास्साब, कौन गुजर गया?"

माझ्या तोंडून गेलं, "मुमताज."

"अरेरे! कौन-से मोहल्ले की?"

"किले की."

"उमर क्या थी?"

"अड़तीस."

"च् च्! बच्चे?"

"चौदा हुए, सात बचे."

तो बराच वेळ गप्प राहिला. "और घरवाला? घरवाला क्या करता है?"

"मकान बनवाने का शौक है उसको."

"ठेकेदार होगा," तो समजुतीने म्हणाला. "निभ जाएगी फिर." आणि सायकल घेऊन गेला. आवाजवाला नाचायचा बाकी होता, कारण यंत्र चालूच होतं.

रात्री आमच्या घरी टीव्हीला लॅपटॉप जोडून टेस्टचा खेळ झाला. घरातले, शेजारचे आणि ज्यांना जिलेबीचा वास लागला ते, असा प्रेक्षकवर्ग होता. (बुऱ्हाणपूरची माव्याची जिलेबी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना ती वर्णन करून सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. काळपट, जाड, आणि तिसरीनंतर माणूस भांडत नाही.) पडद्यावर आधी माझी मिशी आली, ओढणीच्या कडेला, एकेक केस मोजता येईल अशी स्वच्छ. शेजारच्या आजी म्हणाल्या, "हा कोण ग बाई?" मग नदी, मग ती पांढरी, मग ती काळी. मग धुणेवाली. ती आल्यावर खोली एकदम गप्प झाली. ती पिळा धरून उजेडात उभी होती आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, की बादशाही वैभव, विरह, नियती या सगळ्याबद्दल तिचं मत तिथल्या तिथे कळावं.

भाचीने चित्र थांबवलं ते शेवटच्या तुकड्यावर. ऊन उतरलेलं, मी एक पायरी खाली, जैनाबादकडे बघतोय. "हे," ती म्हणाली, "हा थकवा. आता काहीच हातात नाही, हे कळल्याचा चेहरा. मला मुमताजचा हाच चेहरा हवाय. मामा, तू त्या क्षणी काय विचार करत होतास?"

त्या क्षणी मी असा विचार करत होतो, की जिलेबीवाला दुकान बंद करेल आणि ही पोरं अजून लेन्स बदलतायत. मी तसं सांगितलं. भाचीने ते वहीत लिहून घेतलं. आता पुण्यातली कोणी नटी जिलेबी आठवून मरणार आहे.

मंडळी परत गेली. काही दिवसांनी भाचीचा फोन. "मामा, टेस्ट अप्रतिम झाली. आमचे सर म्हणाले, लोकेशन बोलतंय. सगळ्यांना इतकी आवडली, की आम्ही शूटिंग मेणवलीला करतोय."

मी वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. ते तसंच होतं. वाईजवळची मेणवली, नाना फडणविसांचा वाडा, त्याच्या मागचा कृष्णेचा घाट. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत. तिथल्या लोकांना सवय आहे, 'स्वदेस' तिथेच झाला, तिथे कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही आणि फुलीला कुंकू लावत नाही.

"अगं, पण ती कृष्णा आहे!"

"ब्लॅक अँड व्हाइटमध्ये नदी ओळखू येत नाही, मामा."

"आणि घाट पेशवाई! मुमताजला मरून शंभरावर वर्षं झाल्यावर नाना जन्मले."

"क्लोजअप आहेत रे सगळे."

"हत्ती?"

"हत्ती कट."

रोला तेव्हा निदान बाटल्यांची एक पेटी तरी इथे सोडावी लागली होती. मी त्यावर काही तरी बोलणार, तेवढ्यात हिने फोन हातातून घेतला.

"ते असू दे बाळा. आमची चादर कुठाय?"

पलीकडून जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग भाचीचा बारीक आवाज, "मामी, ती नाही गं देता येणार एवढ्यात. टेस्टमध्ये तिचा उजेड फार छान आला होता. ती खऱ्या शूटला घेतलीये."

म्हणजे आमच्या गावातून, नदी, किल्ला, हत्ती, धुणेवाली आणि मी, इतक्या उमेदवारांमधून पुढच्या फेरीत गेली ती चादर. घरात आता तिचा उल्लेख थोडा अदबीने होतो. जोडीतली दुसरी आणि चारही अभ्रे कपाटात पडून आहेत, आणि पाहुणे यायचे म्हटलं की ही कपाटाकडे बघून विचारते, "अहो, ती मुंज लावून परत येणार आहे, की तिचंही आता पुण्याला बघायचं?"